नऊ नंबरचा पर्याय

२० नोव्हेंबर १९९७, गुरुवार

काल योगेशचा जलदान विधी झाला. मला मनातलं कोणाशी बोलता येत नाही, म्हणून जे झालं ते तारखेनिशी लिहून ठेवतो. ही डायरी खताच्या दुकानातून आलेली, वर्षभर कोरीच होती.

योगेश माझा धाकटा भाऊ. अठ्ठावीस वर्षांचा. आम्ही दोघे एकाच साखर कारखान्यात, एकाच कॉम्प्युटर विभागात. टर्मिनल, स्क्रीन, मेनू माझ्याकडे. डेटाबेसच्या आतले प्रोग्राम त्याच्याकडे. १२ तारखेला संध्याकाळी कारखान्यातून पुणतांब्याला घरी येताना त्याची मोटारसायकल रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर गेली. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता.

विधी आटोपल्यावर मांडवात लोक तेच बोलत होते. दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता, रस्त्यातच उभी केली होती. सगळ्यांना सगळं माहीत आहे. यांतल्या निम्म्यांचे स्वतःचे ट्रॅक्टर बिनदिव्याचे आहेत. मी उठून गोठ्यामागे जाऊन उभा राहिलो, नाहीतर कोणाच्या तरी अंगावर गेलो असतो.

आई एकच विचारते. "एरवी साडेपाचला निघायचा. त्या दिवशी सात का वाजले?" मला माहीत नाही. तिला तसं सांगितलं. ती पुन्हा विचारते.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज कामावर रुजू झालो. टेबलावर कोणीतरी योगेशच्या फायलींचा गठ्ठा आणून ठेवला होता, वर त्याची पाण्याची बाटली. निदान बाटली तरी वेगळी ठेवायची.

विभागप्रमुख गाडेसाहेब म्हणाले, "बन्सी, दुःख आहे, मान्य. पण उसाचे वजनकाटे बंद पडतायत. १६ तारखेला एकदा, काल परत. योगेशचं ते नवीन पॅकेज तू बघ आता."

५ तारखेला गळीत हंगाम सुरू झाला तेव्हा "आमचं पॅकेज" म्हणून याच माणसाने संचालकांसमोर हात चोळत माहिती दिली होती. आता ते योगेशचं झालं.

काट्यावरून चक्कर मारली. एक कारकून मला बघून म्हणाला, "मशीनपण सुतकात हाय का काय?" बाकीचे हसले, मग मी कोण ते आठवून गप्प झाले. याच लोकांसाठी मी धावपळ करतो. पाळी संपताना मेनूतला नऊ नंबर दाबला की गोषवारा छापला जायचा, जाणाऱ्याची आणि येणाऱ्याची सही लागायची, दहा मिनिटं मोडायची. यांची कुरकुर ऐकून ६ तारखेला मी नऊ काढून टाकला आणि गोषवारा ऑफिसातून छापायची सोय केली. त्याचे आभार हे असे.

योगेशही त्या नऊचं काहीतरी विचारत होता. एकदा ८ ला, एकदा १० ला दुपारी. "दादा, नऊबद्दल जरा बोलायचं होतं." मी कामात होतो. एकदा नंतर बघू म्हणालो, एकदा उद्या बघू.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज सकाळी पावणेदहाला पुन्हा तेच. पाचही काट्यांवर पडदे गोठले. एरर ४०३१, म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायच्या मेमरीत जागा शिल्लक नाही. वजनं हाताने लिहायला घेतली तोवर बैलगाड्यांची रांग पार फाट्यापर्यंत गेली. गव्हाणीत, म्हणजे मिलच्या तोंडाशी, ऊस पडेना, तासाभराने मिल थांबवली. मशीन बंद करून चालू केलं की सगळं सुरळीत. चार-पाच दिवसांनी पुन्हा.

संचालक भिमाजी तात्या आवारात उभे होते. धोतराचा सोगा हातात. सगळ्यांसमोर म्हणाले, "काय रे बन्सी, तुझा भाऊ काय पेरून गेला रं आमच्या मशीनीत?"

मी म्हणालो, "तात्या, शोधतोय."

"शोध, शोध. त्याच्या बायकोचा अर्ज आलाय आमच्याकडं, त्याच्या जागेवर घ्या म्हणून. २७ डिसेंबरला मीटिंग हाय. त्यानं कारखाना बंद पाडायचा अन् आमी त्याच्याच घरात नोकरी द्यायची व्हय?"

 रात्री बोलायची वाक्यं सुचतात ती दिवसा कामाला येत नाहीत. सीमा बारावी झालेली, टायपिंग झालेली. दोन वर्षांची ज्ञानेश्वरी पदरात. केडगावला माहेरी परत जायला तयार नाही. म्हणते, इथेच राहून कमवीन. अर्ज मीच लिहून दिला होता.

योगेशचं काम चुकीचं नव्हतं हे मी सिद्ध करणार. मग तात्यांना सगळ्यांसमोर जाब विचारणार.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

पॅकेज वाचतोय. त्याच्या हातचे प्रोग्राम मी कधी उघडून बघितले नव्हते. गरज वाटली नव्हती.

पॅकेज म्हणजे डेटाबेसच्या पोटातच ठेवलेला प्रोग्रामांचा संच. लॉगिन केलं की त्या लॉगिनपुरती त्याची स्वतःची जागा मेमरीत तयार होते. योगेशने त्या जागेत नऊ हजार सभासदांची यादी एकदाच भरून घेतली आहे. काट्यावर सभासद क्रमांक टाकला की नाव, गट, उसाची जात लगेच समोर. मागच्या वर्षी एका गाडीला चाळीस सेकंद जायचे, या वर्षी दोन. मात्र लॉगिन चालू आहे तोवर ती यादी मेमरीत बसून राहते. पाच काटे, पाच याद्या. एवढ्याने मशीन भरायला नको. मग भरतं कसं?

गाडेसाहेब दर तासाला येऊन विचारतात, "सापडली का चूक?" जणू चूक आहे हे ठरलेलंच. शेवटी मी म्हणालो, "साहेब, तुम्ही बसता का वाचायला?" गेले.

पॅकेज मोठं आहे, अजून निम्मं राहिलं आहे.

१ डिसेंबर, सोमवार

आज पहाटे पुन्हा बंद. आता मोजत नाही.

पुण्याहून इंजिनियर बोलावला होता. पोरगेलासा, इस्त्रीचा शर्ट. आल्याबरोबर म्हणाला, "पॅकेज फार मेमरी खातंय, सर. ज्याने लिहिलं त्याला बोलवा ना." गाडेसाहेब माझ्याकडे बघत राहिले. मीच सांगितलं. तो पोरगा कानापर्यंत लाल झाला. त्याच्यावरही राग आला, पण तो लाल झाला म्हणून कमी आला.

काम त्याला येत होतं. मशीन पुन्हा चालू केल्यामुळे आता काही दिसणार नव्हतं, पण पहाटे बंद पडण्याआधीची नोंद त्याने काढली. कोण कोण लॉगिन होतं त्याची यादी. त्याने मोजली, मग मी मोजली. पाच काट्यांवर एकोणऐंशी लॉगिन.

तो म्हणाला, "सर, ही माणसं कुठेच नाहीत. कोणीतरी लॉगआउट न करता टर्मिनलचं बटण बंद करतंय. मशीनला वाटतं माणूस बसलेलाच आहे. प्रत्येकाची सभासदांची यादी तशीच धरून ठेवतं. पुढचा कारकून नवीन लॉगिन करतो, आणखी एक यादी."

मला इतकं बरं वाटलं की मी त्याला दोनदा चहा पाजला. कारकून. सगळं काट्यावरच्या कारकुनांनी केलं आणि नाव माझ्या भावाचं. उद्या बघतो एकेकाला.

२ डिसेंबर, मंगळवार

दुपारी बाराला पाळी बदलताना दोन नंबरच्या काट्यावर जाऊन उभा राहिलो. पुंजाराम तिथला सगळ्यात जुना कारकून. बारा वाजले, त्याने टोपी घातली आणि खाडकन टर्मिनलचं बटण बंद केलं. माझ्या डोळ्यांसमोर.

"पुंजाराम, पाळी संपल्यावर काय करता तुम्ही?"

"घरी जातो. तुमी काय करता?" हमाल हसले.

"टर्मिनलचं काय करता, म्हणतोय मी."

"बटन बंद करतो. लाईट वाचिवतो कारखान्याची."

मग मी ओरडलो. आयुष्यात कधी असा ओरडलो नसेन. तुमच्यासारख्या बेफिकीर लोकांमुळे कारखाना बंद पडतो, मेलेल्या माणसाचं नाव खराब होतं, वगैरे. गाडीवान खाली उतरून बघायला लागले. एका बैलाने मान हलवली तर घुंगरं वाजली, तेवढाच आवाज.

पुंजारामने टोपी काढली. "झालं का आरडून? आता ऐका. आधी नऊ नंबर हुता. नऊ दाबलं की कागद निघायचा, दोघांच्या सह्या व्हायच्या, अन् पडदा आपोआप बंद व्हायचा. योगेशभाऊंनी गळिताआधी तीन दिस हितं उभं राहून शिकिवलं आमाला. म्हनले, मामा, कायबी झालं तरी नऊ दाबल्याबिगर उठायचं न्हाई. मग तुमी आले. म्हनले, नऊ काढला, सुटा आता. आमी सुटलो. आता बटन दाबू न्हाई तर काय दाबू?"

मी तिथून निघालो. मागून तो म्हणाला, "भाऊसाहेब, मानूस लई चांगला हुता." ते मला ऐकायचं नव्हतं.

३ डिसेंबर, बुधवार

पॅकेजचा राहिलेला भाग वाचला. शेवटचा प्रोग्राम अकरा ओळींचा आहे. सभासदांची यादी रिकामी करतो, मोकळी झालेली मेमरी परत करतो आणि लॉगिन बंद करतो. त्याच्यावर योगेशने इंग्रजी अक्षरांत मराठीत लिहून ठेवलं आहे : हा फक्त मेनू नऊमधून चालतो.

म्हणजे मी नऊ काढला तेव्हा नुसता गोषवाऱ्याचा कागद काढत नव्हतो. मला वाटलं होतं त्यात कागदापलीकडे काही नाही. विचारलं नव्हतं. ६ तारखेला योगेश सीमाला माहेराहून आणायला केडगावला गेला होता. एक दिवस थांबलो असतो तरी चाललं असतं.

एक गोष्ट कळत नव्हती. नऊ ६ ला काढला, मग पहिल्यांदा बंद १६ ला का पडलं? चार दिवसांत पडायला हवं होतं. म्हणून मशीनच्या जुन्या नोंदी काढल्या. ७ तारखेपासून रोज संध्याकाळी, साडेपाच ते पावणेसातच्या दरम्यान, योगेशच्या नावाने लटकलेली लॉगिन एकेक करून हाताने बंद केलेली आहेत. रोज पंधरा-सोळा. प्रत्येक वेळी कोणता काटा, खरंच कोणी बसलं आहे का, ते फोन करून विचारून मगच बंद केलं असणार, त्याशिवाय एवढा वेळ लागत नाही.

शेवटची नोंद १२ नोव्हेंबर, सहा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटे.

पुढे लिहीत नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

नऊ नंबर मेनूत परत टाकला. पंधरा मिनिटांचं काम. पाचही काट्यांवर जाऊन सांगितलं. कोणी काही विचारलं नाही. पुंजारामने नुसती मान हलवली, त्याचाही राग आला.

६ डिसेंबर, शनिवार

महापरिनिर्वाण दिन. विहारात गेलो. मेणबत्ती लावली. दरवर्षी फोटोला हार योगेश घालायचा, उंच होता म्हणून. यंदा खुर्ची आणावी लागली.

घरी आल्यावर आई म्हणाली, "कारखान्यात कुनाला इचारलं का रं, तेला उशीर का झाला ते?"

"विचारलं," म्हणालो. "कोणाला माहीत नाही."

१६ डिसेंबर, मंगळवार

बारा दिवस झाले, मशीन एकदाही बंद पडलं नाही. सकाळी गाडेसाहेबांनी केबिनमध्ये बोलावून पाठ थोपटली. संचालक मंडळापुढे ठेवायचा अहवाल त्यांनी टाईप करून ठेवला होता, माझ्या सहीसाठी. शेवटचं वाक्य असं : "कै. योगेश यांनी तयार केलेल्या पॅकेजमध्ये मेमरीच्या वापराबाबत गंभीर दोष राहिला होता, तो त्यांचे बंधू श्री. बन्सी यांनी अथक परिश्रमाने दूर केला."

मी म्हणालो, "साहेब, दोष पॅकेजमध्ये नव्हता."

"अरे, मग बारा दिवस चाललं कसं? काहीतरी बदललंस ना?"

"मेनूत नऊ परत टाकला."

"काढला कोणी होता?"

"मी."

ते बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले. "तेव्हा मीच बरं केलंस म्हणालो होतो, नाही का?" मग हळू आवाजात, "हे बघ बन्सी. गेलेल्या माणसाला मेमो देता येत नाही. तुला देता येतो. मलाही. सीमावहिनींचं मी तात्यांशी बोलतो. सही कर आणि विषय संपव."

मी कागद घेऊन आलो. सही केली नाही. फेकलाही नाही. चार वाजेपर्यंत तो ड्रॉवरमध्ये होता आणि मी ड्रॉवरकडे बघत होतो. सगळ्यात जास्त राग कशाचा, तर सही केली तर चालेल असं मला अर्धा तास वाटलं होतं याचा.

१८ डिसेंबर, गुरुवार

सीमाला सांगितलं. ओट्यावर ज्वारी निवडत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, नऊ काय, मी काय केलं आणि गाडेसाहेबांचा कागद. तिचे हात थांबले नाहीत.

"नऊ म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, दादा. पण त्या आठवड्यात ते रोज उशिरा यायचे. मी विचारलं तर म्हणाले, मेनू दादाचा आहे, दादाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, तोवर मी हातानं आवरतो."

"त्याला पासवर्ड माहीत होता. पाच मिनिटांत परत टाकता आलं असतं."

"हो. मीपण तेच म्हटलं. तर म्हणाले, तो रागावेल. चारचौघांत त्याचं काम बदललं तर आठ-आठ दिवस बोलत नाही." मग मान वर करून म्हणाली, "तुम्ही बोलत नाही की हो, दादा. ते खरंच आहे."

मी विचारलं, तात्यांना हे कळलं तर माझं काहीही होवो, तुझ्या अर्जाचं बिघडलं तर?

"बिघडलं तर बिघडलं. त्यांच्या नावाला डाग लावून मिळालेल्या खुर्चीवर मी बसायची नाही." तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "आणि तुम्ही दोन दिवस तो कागद ठेवून घेतलात?"

२० डिसेंबर, शनिवार

गाडेसाहेबांचा अहवाल समोर ठेवून दुसरा लिहिला. पहिल्यांदा "कै." खोडलं आणि "कालकथित" लिहिलं, आम्हा बौद्धांत तसंच लिहितात. इतकी वर्षं शेजारी बसून या माणसाला एवढंही माहीत नाही. तो शब्द खोडला आणि मग पुढचं वाक्य उरलंच.

असं लिहिलं : "कालकथित योगेश यांच्या पॅकेजमध्ये दोष नव्हता. लॉगिन संपताना मेमरी मोकळी करण्याची सोय त्यांनी मेनूतील नऊ क्रमांकाच्या पर्यायात केली होती. तो पर्याय दि. ६ नोव्हेंबर रोजी मी त्यांना न विचारता काढून टाकला. त्यांनी दोन वेळा विचारणा केली, ती मी ऐकून घेतली नाही. दि. ७ ते १२ या काळात ते कामाची वेळ संपल्यावर थांबून हे काम हाताने करत होते, म्हणून यंत्रणा चालू राहिली. सोबत मशीनच्या नोंदी जोडल्या आहेत."

सही केली. प्रत गाडेसाहेबांना, प्रत सरळ कार्यकारी संचालकांना.

२७ डिसेंबर, शनिवार

मीटिंगच्या बाहेर बाकावर तीन तास बसवलं. आत बोलावलं तेव्हा तात्यांच्या हातात माझाच कागद होता.

"तूच लिहिलं हे?"

"हो."

"मग खरं लिहिलं म्हनून काय सत्कार करायचा का तुझा?"

"नाही. पण २६ नोव्हेंबरला आवारात सगळ्यांसमोर तुम्ही माझ्या भावाला बोललात. ते परत घ्या."

सगळे कागदात बघायला लागले.  शेवटी तात्या म्हणाले, "तिला घ्या शेतकी ऑफिसात. अन् ह्याला काट्यावर टाका, नऊ दाबायला."

बोललेलं परत घेतलं नाही. मी तिथेच उभा राहिलो, शिपायाने दंडाला धरून बाहेर आणलं.

९ जानेवारी १९९८, शुक्रवार

सीमा १ तारखेपासून कामावर जाते. मी दोन नंबरच्या काट्यावर, पहाटे चार ते दुपारी बारा. एक नंबरला आता पुंजाराम. आज बाराला तो टोपी घालून उठला, हात बटणाकडे.

"पुंजाराम, नऊ."

"भाऊसाहेब, यष्टी जाईल माझी. आजच्या दिस राहू द्या की."

"नऊ."

"लई खट मानूस तुमी." बसला. दाबलं. कागद निघेपर्यंत मी दारात उभा. त्याची एस.टी. गेली. म्हणून त्याला सायकलवर डबलसीट घेऊन फाट्यापर्यंत सोडलं आणि घरी पोहोचायला पावणेदोन वाजले.

आई दारातच होती. "का रं, उशीर का झाला?"

तिने रोजच्यासारखंच विचारलं. मला आत जाता येईना. उंबऱ्याशी बसलो आणि सगळं सांगितलं. नऊ, ६ तारीख, त्याने दोनदा विचारलेलं, रोज संध्याकाळचं थांबणं, सहा अठ्ठेचाळीस. तिला मशीनचं काही कळत नाही, तरी एकदाही अडवलं नाही.

 संपल्यावर मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही.

"सख्खा भाऊ," ती म्हणाली. "एक गोष्ट दोनदा इचाराया आला, अन् तिसऱ्यांदा इचाराया भ्याला. एवढा कसला धाक घातला हुतास रं तेला?"